दोन, चौदा, एक

परवाच्या शनिवारी माळा आवरायला काढला. म्हणजे मी नाही काढला, बायकोने काढायला लावला. जुने मोडेम, मॉनिटरच्या केबली, कुठल्या कुठल्या कॉन्फरन्समधून उचलून आणलेल्या पिशव्या आणि चपलांच्या एका खोक्यात सात हार्ड डिस्क. चाळीस जीबी, ऐंशी जीबी... ह्यातली एकेक घेताना एके काळी महिन्याचा हिशेब दोनदा मांडला होता. आता त्या भंगारात जाणार. पण आपला डेटा कुणाच्या हाती लागू नये ही धंद्यातली सवय, म्हणून आधी उघडून तबकड्यांवर ओरखडे काढायचे ठरवले.

डिस्क उघडली की कोपऱ्यात पोलादी पट्ट्यांना चिकटवलेले चंद्रकोरीसारखे दोन चपटे तुकडे दिसतात. तबकडीवरून इकडेतिकडे पळणारा जो हात असतो, त्याच्या मागच्या टोकाची तांब्याची गुंडाळी ह्या दोन तुकड्यांमधल्या फटीत हलते. हीच ती निओडिमियमची लोहचुंबकं. मी दोन तुकडे सुटे करून टेबलावर जवळजवळ ठेवले आणि पुढच्या क्षणी माझं बोट त्यांच्या मध्ये होतं. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाने किती मोठ्याने ओरडावं ह्याला काही मर्यादा असते. ती ओलांडली.

बोट सोडवण्याच्या गडबडीत एक तुकडा फरशीवर पडला आणि चक्क फुटला. चिनी मातीचा कप फुटतो तसा. ते बघून मी बोट विसरलो. धातू पडला तर त्याला पोचा येतो, तो वाकतो. हा तर आतून करडा, दाणेदार, बिस्किटासारखा. मी कॉलेजात चार वर्षं मेटलर्जी शिकलो आणि कॅम्पसमधून थेट सॉफ्टवेअरमध्ये उडी मारली (आमच्या बॅचमधल्या बहुतेकांनी मारली, त्या वर्षी तलाव भरलेला होता). त्यामुळे असा तुकडा हातात आला की जुनं दुखणं ठणकतं.

त्यात योगायोग म्हणजे संध्याकाळी भावजींचा फोन. आमची भाची ईशा फिजिक्समध्ये एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पीएचडी करायची आहे आणि विषय म्हणे 'रेअर अर्थची आंतरधातू संयुगं'. भावजी म्हणाले, "तुझं ती ऐकते. जरा समजाव. डेटा सायन्सचा कोर्स कर म्हणावं. हे कसलं संयुग घेऊन बसली आहे, त्याचा उपयोग काय?"

बोलतो म्हणालो. पण बोलण्याआधी आपल्याला काय वाटतं ते लिहून काढावं, म्हणून ह्या आठवड्याचा विषय हा. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा रविवार वाया जायला नको. ह्या रेअर अर्थच्या बाबतीत आपण सगळे जमिनीतल्या साठ्यांचे आकडे पाठ करत बसलो आहोत आणि संयुगांकडे बघायला माणसं नाहीत. ईशा त्या माणसांत जाणार असेल तर मी तिला अडवणार नाही.

आधी नावाची भानगड. मराठीत 'विरल मृत्तिका' असा भारदस्त शब्द आहे. प्रत्यक्षात ही सतरा मूलद्रव्यं फारशी विरलही नाहीत आणि माती तर नाहीतच. त्यातलं सेरियम पृथ्वीच्या कवचात साधारण तांब्याइतकंच आहे. जुने रसायनशास्त्रज्ञ सहजी न वितळणाऱ्या ऑक्साइडांना 'अर्थ' म्हणत, तेवढंच त्या मातीचं मूळ. ती एकमेकांत इतकी मिसळलेली असतात आणि रासायनिक स्वभावाने इतकी सारखी असतात, की वेगळी करणं हीच मोठी शिक्षा आहे. एका पातेल्यातली डाळ निवडायची पण सगळ्या डाळी तुरीच्याच, असा प्रकार.

आता आंतरधातू संयुग म्हणजे काय? सोनार दागिन्यासाठी सोन्यात तांबं मिसळतो. किती मिसळायचं हे कॅरेटवर (आणि सोनाराच्या नियतीवर) अवलंबून. तांब्याचा अणू सोन्याच्या रांगेत कुठेही बसतो. हे झालं मिश्रधातूचं. आंतरधातू संयुगात मात्र नाट्यगृहासारखे नंबर टाकलेले असतात. अमुक अणू अमुक खुर्चीवर, अमुक प्रमाणात. प्रमाण बदललं की तो पदार्थच राहत नाही, दुसराच काहीतरी तयार होतो. आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असल्यामुळे थरावरून थर सहजी सरकू शकत नाहीत. म्हणून ते वाकत नाही, फुटतं. माझ्या फरशीवर फुटलं ते ह्यामुळे.

त्या तुकड्यातल्या संयुगाचं प्रमाण आहे दोन निओडिमियम, चौदा लोखंड, एक बोरॉन. ह्या स्फटिकाच्या एका घरात अडुसष्ट अणू मावतात आणि मग तेच घर पुन्हा पुन्हा. वजनाने बघाल तर बहात्तर टक्के साधं लोखंड, सत्तावीस टक्के निओडिमियम आणि बोरॉन जेमतेम एक टक्का.

घटक सुटे सुटे बघा. शुद्ध लोखंडाला चुंबक ओढतो, पण ते स्वतः धड चुंबक म्हणून टिकत नाही, कुणीही त्याची दिशा फिरवावी. निओडिमियम धातू आपल्या खोलीच्या तापमानाला चुंबक नाहीच. त्याची चुंबकीय शिस्त उणे अडीचशे अंशांच्याही खाली गेल्यावर सुरू होते. बोरॉनचा चुंबकत्वाशी संबंधच नाही. आणि ही तिघं दोन-चौदा-एक अशी बसवली की जगातलं सगळ्यात ताकदवान कायमचं चुंबक. दाराच्या कॅचरमध्ये जो काळा फेराइट चुंबक असतो, त्याच्या साधारण दहापट ऊर्जा ते तेवढ्याच आकारात धरून ठेवतं.

हे कसं होतं ते मला सगळ्यात जास्त आवडतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो. रेअर अर्थच्या अणूंमध्ये 'एफ' कक्षेतले इलेक्ट्रॉन खूप आत दडलेले असतात. बाहेर रासायनिक घडामोडी चालू असताना हे आत माजघरात बसलेले. त्यांचा ढग गोल नसतो. निओडिमियमचा ढग थालीपिठासारखा चपटा आणि समेरियमचा शेंगदाण्यासारखा लांबट. स्फटिकात आजूबाजूच्या अणूंच्या विद्युत क्षेत्रामुळे हे थालीपीठ एका ठरावीक दिशेलाच आरामात बसतं, तिरकं करायचं तर जोर लावावा लागतो. इलेक्ट्रॉनांचं चुंबकत्व त्या आकाराला घट्ट बांधलेलं असतं. आणि लोखंडाचं चुंबकत्व निओडिमियमच्या चुंबकत्वाला बांधलेलं. म्हणजे ताकद आणि उष्णता सोसायची क्षमता लोखंडाची, हट्टीपणा निओडिमियमचा. लग्नं अशीच टिकत असावीत :)

आता हे सापडलं कसं ते बघा, कारण भावजींच्या 'उपयोग काय' ह्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

१९६६ च्या सुमारास अमेरिकेत ओहायोतल्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेत कार्ल स्ट्रनाट ह्यांनी यिट्रियम-कोबाल्ट संयुगाचा हा हट्टीपणा मोजला. त्यातून समेरियम-कोबाल्टची चुंबकं आली. उत्तम चुंबक, पण कोबाल्ट महाग. १९७८ मध्ये झाईरच्या (आताचं काँगो) शाबा प्रांतात लढाई पेटली आणि कोबाल्टचा भाव कडाडला. मग सगळे म्हणाले की कोबाल्टऐवजी लोखंड वापरा. पण दोन-सतरा प्रमाणातली रेअर अर्थ आणि लोखंडाची जी संयुगं होती, त्यांचं चुंबकत्व फार कमी तापमानाला मावळायचं.

त्याच १९७८ च्या जानेवारीत जपानमध्ये मासातो सागावा नावाचे एक संशोधक एका परिसंवादात बसले होते. वक्ते सांगत होते की ह्या संयुगात लोखंडाचे अणू एकमेकांच्या फार जवळ आहेत, म्हणून हे असं होतं. सागावांच्या डोक्यात आलं, मग मध्ये बोरॉन किंवा कार्बनसारखे छोटे अणू कोंबून त्यांना जरा लांब सरकवावं. त्यांच्या तेव्हाच्या कंपनीला, म्हणजे फुजित्सूला, ह्यात रस नव्हता. १९८२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये गेले आणि काही महिन्यांतच हे चुंबक बनवलं. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत ते जाहीर झालं. त्याच परिषदेत जनरल मोटर्सच्या जॉन क्रोट ह्यांनीही तेच संयुग वेगळ्या पद्धतीने बनवल्याचं सांगितलं. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

गंमत म्हणजे सागावांचा तर्क चुकलेला होता. बोरॉन लोखंडाच्या मध्ये घुसलाच नाही. तिघांनी मिळून एक नवीनच संयुग केलं, ज्याची रचना त्या दोन-सतरापेक्षा पार वेगळी. आणि आणखी एक गंमत. हे निओडिमियम-लोखंड-बोरॉन संयुग १९७९ मध्येच सोव्हिएत युक्रेनमधल्या संशोधकांनी नोंदवून ठेवलं होतं. प्रमाण थोडं चुकीचं लिहिलं होतं, पण पदार्थ तोच. त्यांचं काम कुठली धातू कुठल्या प्रमाणात काय बनवते ह्याचे नकाशे काढायचं. त्याला चुंबक लावून बघायचं कुणाला सुचलं नाही.

आणि ती चुकलेली कल्पना? ती १९९० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात मायकेल कोई ह्यांनी खरी करून दाखवली. त्यांनी समेरियम आणि लोखंडाच्या दोन-सतरा संयुगात नायट्रोजन कोंबला. जाळी फुगली, लोखंडाचे अणू लांब झाले, आणि चुंबकत्व मावळण्याचं तापमान साडेतीनशे अंशांहून जास्त वाढलं. हे नायट्राइड तापवून घट्ट ठोकळा करायला गेलं तर विघटन होतं, म्हणून सध्या त्याची पूड प्लास्टिकमध्ये बांधून वापरतात. ज्या दिवशी कुणाला त्याचा न बिघडता घट्ट ठोकळा करता येईल, त्या दिवशी बऱ्याच जणांची झोप उडेल. समेरियम तुलनेने पडून असतं, आणि त्यात कोबाल्टही लागत नाही.

तर सांगायचा मुद्दा, ह्या विषयातले शोध शेवग्याच्या शेंगेसारखे सरळ नसतात. नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत समेरियम-कोबाल्टचा अभ्यास चालू असताना लक्षात आलं की हा पदार्थ हायड्रोजन पिऊन बसतो. मग तशाच इतर संयुगांवर प्रयोग झाले आणि १९७० मध्ये लँथॅनम-निकेलचं एकास पाच हे संयुग प्रसिद्ध झालं. त्याच्या प्रत्येक सहा अणूंच्या गटामागे साधारण सहा हायड्रोजन अणू मावतात, खोलीच्या तापमानाला, थोड्याशा दाबाने, आणि दाब काढला की बाहेर. स्पंज जणू. डिजिटल कॅमेरे नवीन होते तेव्हा आपण जे रिचार्जेबल सेल रात्रभर चार्जिंगला लावायचो, त्यांचं ऋण टोक ह्याच जातीच्या संयुगाचं. १९९७ मध्ये आलेल्या पहिल्या प्रियसची बॅटरीसुद्धा तशीच. चुंबक शोधायला गेले आणि बॅटरी घेऊन आले.

ह्याच हायड्रोजनप्रेमाचा आणखी एक उपयोग आहे. निओडिमियमचं मूळ संयुग ओतल्यावर त्याची बारीक पूड करावी लागते. कडक पदार्थ, दळणार कसा? त्याला हायड्रोजनमध्ये ठेवतात. तो हायड्रोजन पितो, फुगतो आणि स्वतःच तडकून भुगा होतो. पुढे त्याची काही मायक्रॉनची पूड करायची, चुंबकीय क्षेत्रात सगळे कण एका दिशेला उभे करायचे, दाबायचं आणि हजार अंशांच्या वर भाजायचं. ही हायड्रोजनची युक्ती बर्मिंगहॅम विद्यापीठात रेक्स हॅरिस ह्यांच्या गटाने पुढे आणली, आणि तिथल्याच लोकांनी ती जुन्या हार्ड डिस्कवरही वापरून दाखवली. डिस्कमधलं चुंबक हायड्रोजनमध्ये ठेवायचं, त्याचा भुगा होऊन तो गळून पडतो, चाळायचा आणि पुन्हा वापरायचा. आपल्याकडे काय होतं ते मी रविवारी बघितलं. भंगारवाल्याने अॅल्युमिनियमचं कवच आणि सर्किट बोर्ड वेगळं केलं, चुंबकं त्याच्या लोखंडी तराजूला जाऊन चिकटली, तो वैतागला आणि म्हणाला, "साहेब, हे तुमचं तुम्हीच ठेवा."

पण चुंबकांबद्दल सगळेच बोलतात. मला वाटतं ह्या संयुगांचं खरं वैभव ज्या ठिकाणी त्यांचं नावही कुणी घेत नाही तिथे आहे. एमआरआयच्या यंत्राचं बघा. त्यातली तार अतिवाहक राहावी म्हणून ती द्रवरूप हेलियममध्ये, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या फक्त सव्वाचार अंश वर ठेवतात. हेलियम उडून जातो, पुन्हा भरावा लागतो, आणि तो स्वस्त नाही. उडालेला हेलियम जागच्या जागी पुन्हा थंड करणारं यंत्र हवं. अशा यंत्रात गॅस एका गोळ्यांच्या थरातून मागेपुढे जातो आणि ते गोळे उष्णता साठवतात, परत देतात. पूर्वी शिशाचे गोळे वापरत. पण दहा केल्विनच्या खाली शिशाची उष्णता साठवायची क्षमता जवळजवळ संपते. मग तिथे काय घालायचं?

ज्या संयुगाची चुंबकीय शिस्त नेमकी त्याच तापमानाला लागते, असं संयुग घालायचं. कारण अणूंची चुंबकत्वं रांगेत येताना किंवा विस्कटताना भरपूर उष्णता घेतात-देतात. एर्बियम तीन आणि निकेल एक, किंवा होल्मियम एक आणि तांबं दोन, ही ती संयुगं. १९९० च्या आसपास जपानी संशोधकांनी ती वापरून हे यंत्र चार केल्विनपर्यंत नेलं. कधीकाळी कुणीतरी, कुठल्यातरी प्रबंधात, ह्या संयुगाची विशिष्ट उष्णता अमुक तापमानाला एकदम वाढते असा आलेख काढला असणार. तोंडी परीक्षेत त्यालाही 'उपयोग काय' हे विचारलं असेल. आज कुणाच्या आईच्या गुडघ्याचा एमआरआय होताना तो आलेख काम करत असतो.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी जाहिरात केल्यासारखं होईल. १९९७ मध्ये आयोवातल्या एम्स लॅबोरेटरीत पेचार्स्की आणि श्नायडनर ह्यांनी गॅडोलिनियम-सिलिकॉन-जर्मेनियमच्या संयुगात चुंबकीय क्षेत्र लावलं की तापमान मोठ्या प्रमाणात बदलतं हे दाखवलं. तेव्हापासून 'चुंबकावर चालणारा फ्रीज' येणार, येणार असं मी वाचतोय. अजून तो घरोघरी आलेला नाही. जर्मेनियम महाग, संयुग ठिसूळ आणि प्रत्येक फेऱ्यात थोडी ऊर्जा हिसकावून घेणारं, शिवाय ते क्षेत्र लावायला पुन्हा निओडिमियमची भलीमोठी चुंबकं. माझ्या मते घरातल्या फ्रीजसाठी हा रस्ता लांबचा आहे. हायड्रोजन द्रवरूप करण्यासारख्या अतिथंड कामात मात्र ह्या जातीच्या संयुगांना जागा मिळेल असं वाटतं, कारण तिथे नेहमीचे कॉम्प्रेसर फार ऊर्जा खातात. आणि टर्बियम-डिस्प्रोसियम-लोखंडाचं ते टर्फेनॉल, जे क्षेत्र लावलं की मीटरला मिलिमीटरभर लांबतं, ते अमेरिकी नौदलाच्या सोनारमधून फारसं बाहेर पडलं नाही.

आता मुंबईची गोष्ट. ही मला फार उशिरा कळली आणि कॉलेजात कुणी सांगितली नव्हती. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आर. नागराजन, एल. सी. गुप्ता आणि त्यांचे विद्यार्थी यिट्रियम, निकेल आणि बोरॉनच्या संयुगांवर काम करत होते. एका नमुन्यात बारा केल्विनच्या खाली अतिवाहकतेचा अगदी क्षीण संकेत दिसला. इतका क्षीण, की 'नमुना अशुद्ध आहे' म्हणून सोडून द्यावा. नमुना खरोखरच अशुद्ध होता. पण त्यांनी ती अशुद्धी कसली ह्याचा पाठलाग केला. तो निघाला कार्बन, नकळत आलेला. मग मुद्दाम थोडा कार्बन घातला आणि अख्खा नमुना अतिवाहक झाला. १९९४ च्या जानेवारीत ते छापून आलं. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या बेल लॅब्सच्या गटाचेही ह्याच कुळातल्या संयुगांवरचे निबंध आले आणि पुढे 'बोरोकार्बाइड' नावाचं अतिवाहकांचं एक घराणंच उभं राहिलं.

त्या घराण्यात एक होल्मियमवालं आहे. ते आठ केल्विनच्या आसपास अतिवाहक होतं, आणखी थंड केलं की पाचच्या आसपास त्याची चुंबकीय शिस्त डोकं वर काढते आणि अतिवाहकता जवळजवळ नाहीशी होते, आणि आणखी थंड केलं की ती परत येते! चुंबकत्व आणि अतिवाहकता ह्या सवती मानल्या जात, आणि इथे त्या एकाच घरात भांडत नांदतात. ह्याचा बाजारात उपयोग? आजवर तरी काही नाही. पण अशुद्ध नमुना फेकून न देणारी माणसं कुलाब्याला तयार झाली होती, आणि माझ्या मते देशाची संपत्ती मोजताना ती धरायला हवीत.

कारण आपण मोजतो काय? अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या आकड्यानुसार भारताकडे रेअर अर्थ ऑक्साइडचा ६९ लाख टन साठा आहे, जगात आपला नंबर वरचा, वगैरे. वर्तमानपत्रात हे वाचलं की छाती फुगते. इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० पासून आहे. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूशी तिची ओळख पंचाहत्तर वर्षांची. आणि तरी ४ एप्रिल २०२५ ला चीनने समेरियम, डिस्प्रोसियम, टर्बियमसह सात रेअर अर्थच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा काही महिन्यांत आमच्या पुण्याच्या परिसरात ई-स्कूटरचं उत्पादन कमी करावं लागलं. मोटरमधलं काही ग्रॅमचं चुंबक नाही म्हणून अख्खी गाडी उभी! सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. कुठलीतरी दहा ओळींची लायब्ररी कुणीतरी काढून घेतं आणि अर्ध्या जगाचे बिल्ड कोसळतात.

दोन-चौदा-एक हे प्रमाण १९८४ पासून छापील निबंधांत आहे. गुपित नाही. जनरल मोटर्सने ह्यासाठी मॅग्नेक्वेंच नावाची शाखा काढली, १९९५ मध्ये विकली, घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या, आणि पुढच्या दहाएक वर्षांत इंडियानातलं काम उचलून चीनला गेलं. अमेरिकेत खनिज होतं, प्रमाण माहीत होतं, मूळ शोधाचा अर्धा वाटा त्यांचाच होता. गेलं ते भट्टीसमोर उभं राहणाऱ्या माणसांचं ज्ञान.

आपल्यापुढची अडचण तर आणखी नेमकी आहे. साध्या निओडिमियम चुंबकाला ऐंशी अंशांपुढे घाम फुटतो. गाडीच्या मोटरमध्ये दीडशेपर्यंत तापमान जातं. ते सोसायला त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात, आणि आपल्या मोनाझाइटमध्ये ही जड मूलद्रव्यं काढण्याजोगी नाहीत. म्हणजे कितीही वाळू उपसली तरी हा प्रश्न वाळूत सुटत नाही. तो सुटला तर चुंबकाच्या दाण्यांच्या मधल्या सीमारेषेवर सुटेल. दाणे आणखी बारीक करून, किंवा डिस्प्रोसियम सगळीकडे न मिसळता फक्त त्या सीमांवरून आत मुरवून. असं मुरवलं की फार थोडं लागतं. लोणच्यात मीठ घालताना फोड पोखरून कुणी भरत नाही, तसं. ही विद्या जपानने २०१० मध्ये चीनने पुरवठा अडवल्यानंतर जोमाने वाढवली.

आपल्याकडे हालचाल झाली आहे, नाही असं नाही. मे २०२३ मध्ये विशाखापट्टणमला समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना देशाला अर्पण झाला, क्षमता वर्षाला ३,००० किलो. २६ नोव्हेंबर २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, उद्दिष्ट वर्षाला ६,००० टन चुंबकं. तीन टनांवरून सहा हजार टनांवर उडी. पैसे येतील, जमीन मिळेल, भट्ट्या आयात होतील. पहिली बॅच भट्टीतून बाहेर येईल आणि तिचा हट्टीपणा अपेक्षेच्या निम्मा निघेल, तेव्हा मायक्रोस्कोपखाली ती सीमारेषा बघून 'इथे ऑक्सिजन शिरलाय' म्हणणारं माणूस कोण असेल? आमच्या मेटलर्जीच्या बॅचमधलं तर कुणी नसेल. आम्ही सगळे अमेरिकन विमा कंपन्यांचे फॉर्म दुरुस्त करत होतो. ह्यात कुणाचा दोष काढत नाही. घराचे हप्ते त्यातूनच फिटले.

ईशा रविवारी आली. मी समजावणीच्या सुरात सुरुवात केली खरी, पण तिने टेबलावरचा फुटका तुकडा उचलला आणि उजेडात धरून म्हणाली, "मामा, हा उद्यापासून गंजायला लागेल बघ. निकेलचा मुलामा गेला ना." मग तिने सांगितलं की तिकडे ते चारपाच ग्रॅम धातू तोलून घेतात, आरगॉनमध्ये विजेच्या ज्योतीने वितळवतात आणि त्याचं शर्टाच्या बटणासारखं बटण तयार होतं. उलटसुलट करून तेच चारपाच वेळा वितळवायचं. दहातली सात बटणं फुकट जातात. मी म्हटलं, फुकट गेलेली काय करता? म्हणाली, "लेबल लावून डबीत ठेवतो. सर टाकू देत नाहीत."

पैशांचंही बोललो, कारण ते न बोलणं म्हणजे भावजींवर अन्याय. फेलोशिपमध्ये पाच-सहा वर्षं, मग परदेशी पोस्टडॉक, मग नोकरीची खात्री नाही. हे सगळं तिला माहीत होतं, आकड्यांसकट. एक्सेल शीट करून आणली होती. मामाची भाची.

जाताना फुटक्या तुकड्याचे दोन्ही भाग तिने वर्तमानपत्रात गुंडाळून नेले. उरलेली चुंबकं फ्रीजच्या दारावर लावली आहेत, त्यातलं एक बायकोने ओढून काढलं तर सोबत रंगाचा टवका निघाला, त्यावर वेगळी चर्चा झाली. मुलाखत पुढच्या महिन्यात कुलाब्याला आहे, सकाळी साडेनऊला. आदल्या रात्री निघावं लागेल, आणि गाडी मी चालवणार असं ठरलंय. भावजींना अजून फोन केलेला नाही.